भारतात यायला निघालेले संत फिलिप नेरी



दरवर्षी २६ मे रोजी ख्रिस्तसभा संत फिलिप नेरी ह्यांचा सण साजरा करते. हसरा संत, विनोदी संत अशी त्यांची ओळख आपल्याला असते. पण ह्या हसऱ्या माणसाला एकदा आपले सर्वांत प्रिय स्वप्न मागे ठेवावे लागले होते आणि ते स्वप्न आपल्या देशाविषयी होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून त्यांची जीवनकथा आज जरा सविस्तर सांगावीशी वाटते.

त्याला आणखी एक कारण आहे. आपल्या धर्मग्रामात प्रार्थनागट आहेत. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी किंवा चर्चच्या सभागृहात पंधरा-वीस माणसे जमतात, गीते गातात, बायबल वाचतात, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात आणि घरी परततात. काही वर्षे उत्साहात जातात. मग हळूच एक प्रश्न मनात डोकावू लागतो. आपण जमतो त्याने ह्या शहरात काय फरक पडतो? वाड्या जाऊन इमारती उभ्या राहिल्या, शेजारी कोण राहते हे कळत नाही, तरुण मुले पहाटेची गाडी पकडतात आणि रात्री उशिरा परततात. देवाला भेटायचे तर वेलंकनीला जावे, जमले तर लूर्दला किंवा पवित्र भूमीला. सेवा करायची तर दूरच्या मिशनमध्ये जावे. इथे ह्या धकाधकीत काय सापडणार?

साडेचारशे वर्षांपूर्वी रोम शहरातील एका लहानशा प्रार्थनागटाला अगदी हाच प्रश्न पडला होता.

फ्लॉरेन्सचा मुलगा

फिलिप ह्यांचा जन्म २१ जुलै १५१५ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. वडील फ्रान्चेस्को नेरी हे नोटरीचे काम करीत. घरची परिस्थिती बेताची होती. आई लवकरच देवाघरी गेली, पण सावत्र आईने फिलिपवर पोटच्या मुलासारखी माया केली. मुलगा इतका गोड स्वभावाचा होता की, आसपासचे लोक त्याला भला पिप्पो म्हणून हाक मारीत. संत मार्क ह्यांच्या नावाच्या डॉमिनिकन मठात त्याचे जाणे-येणे असे. प्रार्थनेची गोडी त्याला तिथे लागली आणि त्या मठाचे ऋण फिलिप आयुष्यभर मानीत राहिले.

वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना माँते कसिनोच्या पायथ्याशी असलेल्या सान जेर्मानो ह्या गावी एका नातलगाकडे पाठवण्यात आले. हा नातलग व्यापारी होता आणि त्याला वारस हवा होता. फिलिप तिथे राहिले असते तर पुढे चांगली मालमत्ता त्यांच्या हाती आली असती. पण त्यांचे मन गल्ल्यावर रमेना. समुद्राकाठच्या गाएता गावाजवळ डोंगराच्या कपारीत एक छोटे प्रार्थनामंदिर होते, तिथे जाऊन ते तासन् तास बसत. शेवटी १५३३ साली त्यांनी तो वारसा नाकारला आणि खिशात काही नसताना रोमची वाट धरली. त्यानंतरची बासष्ट वर्षे त्यांनी त्याच शहरात काढली. जन्माने फ्लॉरेन्सचे असलेले फिलिप असे रोमकर झाले.

थंडावलेले शहर

ते रोम कसे होते? सहा वर्षांपूर्वीच, १५२७ साली, सम्राट पाचवा चार्ल्स ह्याच्या सैन्याने शहर लुटले होते. चर्चमधील पवित्र वस्तूंचीही विटंबना झाली होती. माणसे मेली, पळून गेली, घरे ओस पडली. पुढे शहर सावरले, पैसा परत आला, पण श्रद्धा मात्र सहज परतली नाही. संत पेत्र आणि संत पॉल ह्यांच्या कबरींचे हे शहर. पण अनेक धर्माधिकारी दरबारी जीवनात गुंतलेले होते, लोक वर्षातून कसेबसे एकदा संस्कार घेत होते आणि तरुणांना चर्चशी देणेघेणे उरले नव्हते. जगभरातून यात्रेकरू जिथे येत, तिथेच राहणाऱ्यांना त्या जागेचे अप्रूप नव्हते. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ती हीच.

फिलिप ह्यांना गालेओत्तो काच्चा नावाच्या फ्लॉरेन्सच्याच एका जकात अधिकाऱ्याच्या घरी आसरा मिळाला. त्याच्या दोन मुलांना शिकवायचे आणि त्या बदल्यात एक छोटी खोली व थोडे धान्य घ्यायचे, असा व्यवहार होता. पाव, पाणी आणि कधी ऑलिव्हची फळे एवढ्यावर ते दिवस काढीत. सोबत त्यांनी सापिएन्झा विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा आणि ऑगस्टिनियन धर्मगुरूंकडे ईशज्ञानाचा अभ्यास केला. विद्यार्थी म्हणून ते हुशार होते. पण साधारण तीन वर्षांनंतर एके दिवशी त्यांनी पुस्तके विकून टाकली आणि आलेले पैसे गरिबांना वाटले.

ज्यांनी सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या परीक्षा दिल्या आहेत त्यांना हा प्रसंग थोडा टोचतो. फिलिप ज्ञानाचे शत्रू होते असा त्याचा अर्थ नाही. पुढे त्यांनीच ख्रिस्तसभेला एक थोर इतिहासकार दिला, ते आपण पाहणारच आहोत. पण देवाविषयी जाणून घेणे वेगळे आणि देवाच्या समोर उभे राहणे वेगळे, हे त्यांना उमगले होते. पहिल्यासाठी पुस्तक पुरते, दुसऱ्यासाठी स्वतःला द्यावे लागते.

रात्री कबरींजवळ, दिवसा रस्त्यावर

त्यानंतर सुमारे तेरा वर्षे फिलिप एक साधे प्रापंचिक म्हणून रोममध्ये वावरले. ना झगा, ना पद, ना कुठल्या व्रतस्थ संघाचे नाव. दिवसा ते इस्पितळांत जात. त्या काळची इस्पितळे म्हणजे अंधार, दुर्गंधी आणि बेवारस मरण. फिलिप आजाऱ्यांची अंथरुणे नीट करीत, त्यांना भरवीत, मरणाऱ्याचा हात धरून बसत. संध्याकाळी ते बाजारपेठेत आणि पेढ्यांच्या दारात जात. तिथे फ्लॉरेन्सहून आलेले तरुण कारकून काम करीत. फिलिप त्यांच्याशी गप्पा मारीत, थट्टा करीत आणि मध्येच अगदी सहज विचारीत की, चांगले काम करायला सुरुवात कधी करणार? प्रवचन नाही, दटावणी नाही. हसत हसत टाकलेला तो प्रश्न काहींच्या मनात घर करून राही.

रात्री मात्र ते शहराबाहेर आप्पियन मार्गावर संत सेबास्तियन ह्यांच्या नावाच्या भुयारी दफनभूमीत जात. सुरुवातीच्या शतकांतील ख्रिस्ती लोकांना जिथे पुरले होते, त्या काळोख्या बोगद्यांत ते एकटे प्रार्थना करीत. सगळे रोम विसरून गेलेल्या त्या पूर्वजांशी हा परका तरुण नाते जोडत होता.

तिथेच १५४४ साली पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या सुमारास ती प्रसिद्ध घटना घडली. प्रार्थना करीत असताना अग्नीचा एक गोळा तोंडावाटे आपल्या हृदयात शिरल्याचा अनुभव त्यांना आला. ते जमिनीवर कोसळले. तेव्हापासून त्यांचे हृदय इतके जोराने धडधडे की, जवळ बसलेल्या माणसालाही ते जाणवे. मृत्यूनंतर वैद्यांनी देह तपासला तेव्हा हृदयाजवळच्या दोन बरगड्या तुटून बाहेरच्या बाजूला वळलेल्या आढळल्या, अशी नोंद आहे. ह्या अनुभवाविषयी फिलिप क्वचितच बोलत. पण त्यानंतरचे त्यांचे आयुष्य पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. ते दफनभूमीत लपून राहिले नाहीत. तो अग्नी घेऊन ते पुन्हा शहरात आले.

पंधरा माणसांचा बंधुसंघ

१५४८ साली फिलिप आणि त्यांचे पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू पेर्सियानो रोझा ह्यांनी मिळून पवित्र त्रैक्याच्या नावाने एक बंधुसंघ सुरू केला. सुरुवातीला सुमारे पंधरा साधी माणसे होती. ती एकत्र येऊन प्रार्थना करीत, पवित्र संस्कार घेत आणि चाळीस तासांची पवित्र साक्रामेंताची आराधना करीत. १५५० हे पवित्र वर्ष होते. यात्रेकरूंचे लोंढे रोममध्ये आले आणि गरिबांना डोके टेकायला जागा नव्हती. बंधुसंघाच्या सदस्यांनी घरे मिळवली, अंथरुणे गोळा केली, दमून आलेल्यांचे पाय धुतले, जेवण वाढले. पवित्र वर्ष संपल्यावर त्यांचे लक्ष दुसऱ्या एका उपेक्षित वर्गाकडे गेले. इस्पितळातून बाहेर पडलेली, पण अजून अशक्त असलेली गरीब माणसे रस्त्यावरच पुन्हा आजारी पडत. त्यांना अंगात ताकद येईपर्यंत ठेवून घेण्याची सोय बंधुसंघाने केली.

प्रार्थनागटाला सेवा कुठे शोधावी असा प्रश्न पडला तर हे उदाहरण पाहावे. शहराने ज्यांच्याकडे पाठ फिरवली होती, ते ह्या माणसांना दिसले. गुडघ्यांवर बसून त्यांची नजर स्वच्छ झाली होती.

रोझा ह्यांच्या आग्रहावरून फिलिप धर्मगुरू होण्यास तयार झाले. २३ मे १५५१ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि ते सान जिरोलामो देल्ला कारिता ह्या चर्चच्या आवारात राहायला गेले.

खोलीतून ओरेटरीपर्यंत

ह्या आवारातल्या त्यांच्या लहानशा खोलीत दुपारच्या वेळी काही तरुण जमू लागले. फिलिप पलंगाच्या कडेवर बसत आणि बाकीचे मिळेल तिथे. शुभवर्तमानातील एखादा उतारा किंवा एखाद्या संताचे चरित्र वाचले जाई आणि ज्याला जे सुचेल ते तो बोले. शिष्टाचार कमी आणि मोकळेपणा जास्त. माणसे वाढली, खोली अपुरी पडू लागली. मग चर्चच्या छपराखालची एक जागा नीट करून घेण्यात आली. ह्या प्रार्थनेच्या जागेला ओरेटरी म्हणत आणि पुढे तेच नाव त्या समूहालाही पडले.

तिथे रोज सभा होई. एकामागून एक छोटी भाषणे होत. बोलणाऱ्यांमध्ये प्रापंचिकही असत. विषय साधे ठेवायचे, भाषा घरातली वापरायची, विद्वत्ता मिरवायची नाही, हा फिलिप ह्यांचा दंडक होता. मधूनमधून लोकांच्या इटालियन भाषेतील भक्तिगीते गायली जात. संत पेत्र महामंदिराच्या गायकवृंदाचे प्रमुख जोव्हान्नी अनिमुच्चा ह्यांनी ओरेटरीसाठी अशी गीते रचली. संगीतातील ऑरेटोरिओ ह्या प्रकाराला नाव मिळाले ते ह्याच जागेवरून.

तिथे कोण येत नसे? दरबारात वावरणारे फ्रान्चेस्को मारिया तारुजी आले आणि कायमचे राहिले. पुढे ते कार्डिनल झाले. कारागीर आले, दुकानदार आले, उमराव आले. १५५७ साली कायद्याचा अभ्यास करायला आलेला चेझारे बारोनिओ हा तरुण आला. तो स्वभावाने गंभीर आणि त्याची भाषणे मरण, न्याय आणि नरक ह्यांविषयीच असत. फिलिप ह्यांनी त्याला तो विषय सोडायला लावला आणि ख्रिस्तसभेचा इतिहास सांगायचे काम दिले. बारोनिओला ते मुळीच आवडले नाही. तरीही आज्ञा म्हणून तो वाचू लागला, सांगू लागला. मधल्या काळात स्वयंपाकघरातील भांडीही त्याच्या वाट्याला आली. वर्षानुवर्षे तोच इतिहास पुन्हा पुन्हा सांगता सांगता त्याचे बारा खंड तयार झाले. पहिला १५८८ साली आणि शेवटचा १६०७ साली प्रसिद्ध झाला. ख्रिस्तसभेच्या इतिहासलेखनात त्या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. पुस्तके विकणाऱ्या संताने असा ग्रंथकार घडवला.

आपल्या किनाऱ्यावरून गेलेली पत्रे

आता तो प्रसंग. ओरेटरीच्या सभांमध्ये येशूसंघीय मिशनऱ्यांची पत्रे वाचली जात. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्याला पोहोचले होते. तिथून मच्छीमारांच्या किनाऱ्यावर, मलाक्काला, जपानला ते गेले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या दाराशी एका बेटावर त्यांनी देह ठेवला. त्यांची व त्यांच्या सोबत्यांची पत्रे युरोपभर वाचली जात होती. आपल्या ह्या सगळ्या प्रदेशाला त्या काळी युरोपात इंडीज म्हणत.

ही पत्रे ऐकून त्या छपराखालच्या जागेत बसलेल्या माणसांच्या मनाने पेट घेतला. लाखो लोकांना ख्रिस्ताचे नाव ठाऊक नाही आणि आपण इथे गीते गात बसलो आहोत! रोममध्ये धर्मगुरूंना तोटा नाही. आपली गरज तिथे आहे. १५५७ सालच्या सुमारास फिलिप आणि त्यांचे सुमारे वीस सोबती इंडीजला निघायचा विचार करू लागले. रक्तसाक्षी होण्याचीही त्यांची तयारी होती. हा क्षणिक उत्साह नव्हता. फिलिप ह्यांनी वर्षानुवर्षे रक्तसाक्षींच्या कबरींजवळ रात्री काढल्या होत्या.

पण त्यांनी आपल्या इच्छेलाच देवाची इच्छा समजण्याची घाई केली नाही. ते आधी एका बेनेदिक्तीन मठवासीयाकडे सल्ला मागायला गेले. त्याने त्यांना ऑगुस्तिनो गेत्तीनी ह्या सिस्टर्सियन मठवासीयाकडे पाठवले. ते शहराबाहेर त्रे फोंताने येथे राहत. संत पॉल ह्यांचा शिरच्छेद जिथे झाला असे परंपरा सांगते, तीच ही जागा. राष्ट्रांचा प्रेषित म्हणून दूरदूर हिंडलेल्या संत पॉलचा प्रवास जिथे संपला, तिथे फिलिप आपला प्रवास सुरू करावा की नाही हे विचारायला गेले. गेत्तीनी ह्यांनी प्रार्थनेसाठी वेळ मागून घेतला. फिलिप पुन्हा गेले तेव्हा त्यांना उत्तर मिळाले की, त्यांचे इंडीज रोममध्येच आहे.

ह्या उत्तराने फिलिप ह्यांना काय वाटले असेल? आपल्याला ते ऐकायला सोपे वाटते, कारण घरी थांबणे आपल्याला सोयीचे असते. त्यांच्यासाठी ते कठीण होते. समुद्र, वादळ, तलवार ह्यांची तयारी करून बसलेल्या माणसाला सांगण्यात आले की, उद्या सकाळी पुन्हा त्याच गल्लीत जा, त्याच कारकुनांशी बोल, त्याच आळशी माणसाचे पापनिवेदन ऐक. दूरच्या मिशनची एक मोहिनी असते. रोजच्या शेजाऱ्याला ती नसते. फिलिप ह्यांनी आज्ञा मानली. त्यानंतर अडतीस वर्षे त्यांनी रोम सोडले नाही. म्हणूनच त्यांना रोमचा प्रेषित असे नाव मिळाले. संत पेत्र आणि संत पॉल ह्यांच्या शहरात हे नाव मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

आपलेच शहर पायी पाहणे

मग ह्या गटाने आपल्या शहरातच देवाचा शोध सुरू केला. त्याचे सर्वांत सुंदर रूप म्हणजे सात चर्चची यात्रा. संत पेत्र, संत पॉल, संत सेबास्तियन, लॅटरनचे संत योहान, पवित्र क्रूस, संत लॉरेन्स आणि थोर संत मरिया ह्या सात महामंदिरांना पायी भेट द्यायची. साधारण वीस किलोमीटरची ही वाट. प्रथा जुनी होती, पण विसरली गेली होती. फिलिप मुद्दाम कार्निव्हलच्या दिवसांत ही यात्रा काढीत, कारण त्या दिवसांत शहरात धिंगाणा चाले आणि तरुण बहकत. चांगल्या आनंदाने वाईट आनंदाला बाहेर काढावे, ही त्यांची रीत होती. वाटेत गाणी, प्रार्थना, मधे एका बागेत बसून पाव, चीज, अंडी, फळे आणि थोडा द्राक्षारस. सुरुवातीला मूठभर माणसे होती. पुढे हजारोंनी येऊ लागली. ज्या रस्त्यांवरून ते रोज पोटापाण्यासाठी जात, त्याच रस्त्यांवर आपले पूर्वज ख्रिस्तासाठी मेले, हे त्यांना चालता चालता उमगले. शहर तेच होते. पाहणारे डोळे बदलले.

हे सर्व सुरळीत झाले असे मात्र नाही. प्रापंचिक माणसे धर्मावर बोलतात, जमाव करून रस्त्याने फिरतात, ह्याचा काहींना संशय आला. पोप चौथे पॉल ह्यांच्या कारकिर्दीत, १५५९ साली, रोमचा कारभार पाहणाऱ्या कार्डिनलनी फिलिप ह्यांना बोलावून कठोर शब्दांत फटकारले. नवा पंथ काढण्याचा आरोप झाला. काही दिवस त्यांना पापनिवेदन ऐकण्यास मनाई झाली आणि यात्रा बंद पडली. फिलिप ह्यांनी वाद घातला नाही, गट फोडून वेगळी चूल मांडली नाही. सोबत्यांनाही शांत राहायला सांगितले. चौकशीत काही गैर सापडले नाही आणि परवानगी परत मिळाली. पुढे पोप पाचवे पायस ह्यांच्या काळात पुन्हा शंका उपस्थित झाली. तेव्हा ओरेटरीतील भाषणे ऐकायला दोन डॉमिनिकन धर्मगुरूंना पाठवण्यात आले. त्यांनी अनुकूल अहवाल दिला. प्रार्थनागट आणि अधिकार ह्यांमध्ये ताण आला की, काय करावे ह्याचा हा धडा आहे. सत्य असेल तर ते थोडा काळ गप्प राहूनही टिकते.

विनोद आणि नम्रता

१५ जुलै १५७५ रोजी पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनी ओरेटरीच्या धर्मगुरूंना संघ म्हणून मान्यता दिली आणि सांता मारिया इन वाल्लिचेल्ला हे चर्च त्यांच्या स्वाधीन केले. ते जुने चर्च पाडून नवे बांधले गेले आणि आजही रोममध्ये लोक त्याला नवे चर्च म्हणूनच ओळखतात. ह्या संघात व्रते नव्हती. केवळ प्रेमाच्या बंधनाने एकत्र राहायचे होते. स्वतः फिलिप मात्र आपली जुनी खोली सोडायला तयार नव्हते. शेवटी १५८३ साली आज्ञेखातर ते तिकडे राहायला गेले.

तोवर त्यांची कीर्ती पसरली होती. कार्डिनल त्यांच्याकडे पापनिवेदनासाठी येत. आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या संघाचे संस्थापक संत कामिल्लस हे त्यांचेच शिष्य. लोक आपल्याला संत म्हणू लागले आहेत हे कळताच फिलिप वेडेचाळे करीत. अर्धीच दाढी काढून बाहेर पडत. प्रतिष्ठित पाहुणे दर्शनाला आले की, विनोदाचे पुस्तक वाचून घेत, म्हणजे पाहुणे निराश होऊन जावेत. ह्यामागे नम्रता होती, तसेच शहाणपणही होते. मिस्साबली अर्पण करताना त्यांना अशी समाधी लागे की, वेदीवर भान राहत नसे; ती स्थिती लपवण्यासाठी हसणे हा एक पडदा होता. कार्डिनलपद त्यांनी नाकारले.

त्यांच्या चर्चसमोरच इंग्लंडच्या सेमिनरियनांचे महाविद्यालय होते. मायदेशी परतल्यावर त्या तरुणांपैकी अनेकांना मरण पत्करावे लागणार होते. रस्त्यात ते दिसले की, फिलिप त्यांना आदराने अभिवादन करीत. ज्या रक्तसाक्षित्वाची त्यांना आस होती, ते ह्या मुलांच्या वाट्याला येणार होते. त्यांना हेवा वाटला नाही. कुणाला जायचे असते, कुणाला थांबायचे असते, पाठवणारा एकच.

२६ मे १५९५ रोजी पहाटेपूर्वी, ख्रिस्तशरीराच्या सणाचा दिवस पापनिवेदने ऐकण्यात आणि लोकांना भेटण्यात घालवल्यानंतर, फिलिप शांतपणे प्रभुघरी गेले. ऐंशी वर्षे पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. आपले बरेचसे लिखाण त्यांनी आधीच जाळून टाकले होते.

आणि ओरेटरी गोव्यात आली

१२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी ह्यांनी पाच जणांना संतपद बहाल केले: इसिदोर शेतकरी, इग्नेशियस लोयोला, फ्रान्सिस झेवियर, आविलाची तेरेजा आणि फिलिप नेरी. ज्याने भारतातून पत्रे लिहिली तो आणि ती पत्रे ऐकून ज्याला भारतात यायचे होते पण आले नाही तो, एकाच दिवशी, एकाच वेदीवर संत म्हणून घोषित झाले. देवाच्या हिशेबात निघालेला आणि थांबलेला सारखेच भरले.

कथा इथेही संपत नाही. फिलिप भारतात आले नाहीत, पण त्यांची ओरेटरी आली. १६८५ साली जुने गोवे येथील चमत्कारी क्रुसाच्या चर्चमध्ये एकत्र राहणाऱ्या गोमंतकीय धर्मगुरूंच्या लहानशा समूहात बाणावलीचे फादर जुझे वाझ सामील झाले. त्यांच्या पुढाकाराने त्या समूहाने संत फिलिप ह्यांच्या ओरेटरीची जीवनपद्धती स्वीकारली. तिथून जुझे वाझ १६८७ साली श्रीलंकेला गेले. छळाच्या काळात त्यांनी तेथील ख्रिस्ती लोकांना जगवले आणि १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे देह ठेवला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी कोलंबो येथे त्यांना संत घोषित केले. रोममध्ये थांबलेल्या माणसाचे काम आपल्या मातीतील एका धर्मगुरूने समुद्रापार नेले.

बंधुभगिनींनो, यात्रा करू नये किंवा मिशनमध्ये जाऊ नये, असे ही कथा सांगत नाही. ज्याला बोलावणे आहे त्याने जरूर जावे. पण दूरच्या ठिकाणाची ओढ ही कधी कधी शेजाऱ्याला टाळण्याची पळवाट असते, हे आपण प्रामाणिकपणे तपासावे. आपल्या प्रार्थनागटांनी ह्या महिन्यात एक करावे. प्रार्थना संपल्यावर लगेच घरी न जाता विचारावे की, आपल्या इमारतीत, आपल्या गल्लीत, जवळच्या इस्पितळात असा कोण आहे, ज्याच्याकडे कुणीच जात नाही? त्याच्या दारात दोघांनी जावे. आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी तरुणांना सोबत घेऊन आसपासची जुनी चर्चेस, क्रूस आणि दफनभूमी पायी पाहून याव्यात. तिथे आपल्या आजी-आजोबांच्या श्रद्धेच्या खुणा आहेत. जेवणाचा डबा न्यावा, गाणी म्हणावीत, हसावे. संत फिलिप ह्यांना ते नक्की आवडेल.

आपले इंडीज कुठे आहे हे शोधायला कदाचित जिना उतरून खाली जाणेही पुरेसे असेल.

संत फिलिप नेरी, आम्हांसाठी विनंती कर.

आपला,
प्रमुख धर्मगुरू